परिपाठातले उभे राहणे आणि पाहणाऱ्याची नजर

केरळातल्या किडंगूरच्या हायस्कुलात तीन भावंडे रोज सकाळी परिपाठाला उभी राहत. राष्ट्रगीत सुरू झाले की तीही इतर मुलांसारखीच सावधान उभी असत, फक्त गात नसत. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथात ती वाढलेली होती, आणि देवाखेरीज कोणाचीही स्तुती गायची नाही ही त्या पंथाची शिकवण. त्यांच्या मोठ्या बहिणी याच शाळेत शिकून गेल्या होत्या आणि त्याही अशाच मूक उभ्या राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत ना शिक्षकांना त्यात राष्ट्राचा अवमान दिसला, ना वर्गातल्या मुलांना. मग जुलै 1985 मध्ये एका आमदाराच्या ते लक्षात आले. त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला आणि चौकशी बसली. मुले कायदा पाळणारी आहेत, त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असाच चौकशीचा निष्कर्ष निघाला. तरीही शिक्षण उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून 26 जुलैला मुख्याध्यापिकांनी तिन्ही मुलांना शाळेतून काढले. वडिलांनी विनवणी केली, तेव्हा आपल्या हातात काही नाही असे मुख्याध्यापिकांना सांगावे लागले. उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. अखेर 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. ओ. चिनप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या खंडपीठाने, मुलांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. उभे राहण्यात पुरेसा आदर आहे. गायलाच हवे असा कोणताही कायदा नाही. आणि खात्याच्या परिपत्रकाने मूलभूत हक्क आखडता येत नाही, असा तो निर्णय होता.

या निकालाची चर्चा बहुधा धर्मस्वातंत्र्याच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शाळेने ही अडचण न्यायालयाच्या कितीतरी आधी सोडवली होती. वर्गशिक्षकांना मूल माहीत असते, त्याचे घर माहीत असते. ते उद्धटपणे गप्प आहे की श्रद्धेने, हे त्यांना कळते. ही जाण बाहेरून येणाऱ्या नजरेला नसते. तिला एका ओळीतली शंभर मुले दिसतात आणि त्यात न हलणारे तीन ओठ दिसतात. देशभक्तीच्या शालेय विधींवरून जगात जे मोठे वाद झाले, त्यांतले बरेचसे अशी नजर शाळेत शिरल्यावर पेटले आहेत.

अमेरिकेतले उदाहरण माझ्या म्हणण्याला सहजासहजी जुळत नाही. तिथली ध्वजप्रतिज्ञा फ्रान्सिस बेलामी यांनी 1892 मध्ये एका साप्ताहिकासाठी लिहिली, कोलंबसच्या सफरीच्या चारशेव्या वर्षानिमित्त. पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल या खाणगावात 1935 साली याच पंथाच्या दोन भावंडांनी ध्वजाला सलाम करणे आपणहून थांबवले. जर्मनीतले त्यांचे पंथबांधव हिटलरला सलाम नाकारून छळ सोसत होते, त्याचे पडसाद तिथवर पोहोचले होते. म्हणजे इथे सुरुवात मुलांनी केली. पण सलाम तोपर्यंत नुसता रिवाज होता. तो सक्तीचा करणारा ठराव शाळा मंडळाने मुलांच्या नकारानंतर केला आणि लगोलग त्यांना काढून टाकले. नियम आधी आणि भंग नंतर, असा क्रम इथे नव्हताच.

ही हकालपट्टी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. त्या खटल्यात सक्तीच्या बाजूने लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर होते, आणि या बाजूचे म्हणणे त्यांच्याइतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी मांडले असेल. ते स्वतः व्हिएन्नात जन्मलेले, लहानपणी न्यूयॉर्कला आलेले. सरकारी शाळेने एका परक्या मुलाला देश दिला, हा त्यांचा जगलेला अनुभव होता. राष्ट्राची एकी हाच सुरक्षिततेचा पाया आहे आणि ती घडवणारे समान विधी शाळेने ठरवावेत, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडेही हा विचार पोकळ नाही. एवढ्या भाषा, जाती आणि धर्म असलेल्या देशात रोज सकाळी सारी मुले एकाच वेळी उभी राहतात, यात खरे मोल आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली आपली प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने 1962 मध्ये लिहिली आणि आज ती मराठी मुलांना आपलीच वाटते. हे विधींचेच यश म्हणायला हवे. पण मायनर्सव्हिलच्या निकालानंतर काय झाले तेही पाहायला हवे. 1940 मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी सक्ती वैध ठरली आणि अमेरिकेत ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर जमावांनी हल्ले केले. एकीसाठी केलेल्या सक्तीतून शेजारी शेजाऱ्यावर धावून गेला. बहुमतातल्या तीन न्यायमूर्तींनी दोनच वर्षांत आपले चुकल्याचे जाहीर लिहिले, आणि 1943 मध्ये न्यायालयाने तो निकाल फिरवला. फ्रँकफर्टर मात्र आपल्या मतावर ठाम राहिले.

गाणे हेच बंड ठरले, अशी उलटी बाजूही आहे, आणि ती आपल्या घरची आहे. 1938 मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातली मुले आपल्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणत. निजामाच्या प्रशासनाने ते बंद करायला सांगितले. मुलांनी ऐकले नाही, संप केला, त्यांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच घडले. यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. या मुलांसाठी ते गीत स्वातंत्र्य होते. त्याच गीतातल्या देवीवर्णनामुळे अनेक मुसलमानांना ते म्हणणे जड जात होते, आणि तेही खोटे नव्हते. काँग्रेस कार्यसमितीने हे ओळखून आदल्याच वर्षी, 1937 मध्ये, पहिली दोनच कडवी म्हणावीत आणि हवे तर दुसरे आक्षेपार्ह नसलेले गीत घ्यावे, असे ठरवले होते. उस्मानियाची बंदी आणि किडंगूरची हकालपट्टी यांना मी एका रांगेत बसवतो, कारण दोन्ही ठिकाणी मुलाच्या तोंडून काय निघावे हे मुलाला न ओळखणाऱ्याने ठरवले.

मुलांचे ठीक, पण पगारी शिक्षकाला अशी मुभा कशी देता येईल, हा आक्षेप अधिक अवघड आहे. जपानने 1999 मध्ये ध्वज आणि राष्ट्रगीताचा कायदा केला, तेव्हा नागरिकांवर सक्ती होणार नाही अशी ग्वाही सरकारने दिली होती. तरीही ऑक्टोबर 2003 मध्ये टोकियोच्या शिक्षण मंडळाने शिक्षकांना समारंभात ध्वजाकडे तोंड करून उभे राहण्याचा आणि गाण्याचा आदेश काढला. कोण बसून राहते ते पाहायला अधिकारी पाठवले, आणि शेकडो शिक्षकांवर कारवाई झाली. त्या शिक्षकांतल्या अनेकांना ते गीत साम्राज्याच्या युद्धाची आठवण करून देते. याच विधींनी एका पिढीला रणांगणावर धाडले, असे ते मानतात. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आदेश वैध ठरवला, पण 2012 मध्ये निलंबनासारख्या कडक शिक्षांना आवर घातला. आपल्याकडे नाशिकमधल्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली गेली होती. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येत नाही असे सांगितले. शिक्षकाने विधी उधळू नये, मुलांना चिथावू नये, एवढे बंधन रास्त आहे. आपल्या 1971 च्या राष्ट्रसन्मान कायद्यातही राष्ट्रगीत जाणूनबुजून रोखणे किंवा गाणाऱ्या सभेत गोंधळ घालणे हाच गुन्हा आहे. त्यापलीकडे कोणाचे ओठ हलले आणि कोणाचे हात जुळले याची टिपणे ठेवण्याचे काम शाळेवर टाकू नये. किडंगूरच्या मुख्याध्यापिकांना त्या तीन मुलांविषयी जे ठाऊक होते, त्यावर त्यांना निर्णय घेऊ दिला असता, तर ती मुले 26 जुलैनंतरही परिपाठाला उभी राहू शकली असती.