दर्याचे कोर्ट, कंपनीचा न्यायाधीश

फोर्टमधल्या जहाजी खटल्यांच्या ऑफिसात माझी सगळी कारकुनी गेली. आमच्या दाव्यांत प्रतिवादी बहुतेक वेळा जहाजच असे. मालक पनामाचा की ग्रीसचा, ते मागाहून बघू. आधी जहाज अडवायचे. रात्रीच्या भरतीला ते निघून गेले, की वसुली कोणाकडून करणार? मग मुंबई हायकोर्टाचा हुकूम घेऊन शेरीफचा माणूस लाँचने जहाजावर जाई आणि वॉरंट चिकटवून येई. मालकाने जामीन दिला तर जहाज सुटे, नाहीतर लिलाव.

ही रीत इंग्लंडच्या साध्या कोर्टांची नव्हे. लंडनचे ॲडमिरल्टी कोर्ट रोमन कायद्याच्या वळणाने चाले, आणि तिथले वकीलही वेगळे, डॉक्टर्स कॉमन्स या त्यांच्या संस्थेतले. साध्या कोर्टांना हे खुपत असे. 1389 आणि 1391 च्या कायद्यांनी ॲडमिरलला बजावले, की जमिनीवरच्या तंट्यांत पडू नका. सतराव्या शतकात साध्या कोर्टांचे न्यायाधीश सर एडवर्ड कोक तर मनाईहुकूम काढून ॲडमिरल्टीचे दावे रोखत.

मुंबईत हे कोर्ट आले ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सोयीसाठी. कंपनीची मक्तेदारी मोडून परस्पर व्यापार करणाऱ्या इंग्रजांची जहाजे तिला जप्त करायची होती. 9 ऑगस्ट 1683 च्या सनदेने दुसऱ्या चार्ल्स राजाने तशी मुभा दिली. कोर्टात रोमन कायदा जाणणारा एक जण आणि दोन व्यापारी बसणार होते. 1684 मध्ये डॉ. जॉन सेंट जॉन न्यायाधीश म्हणून आले. जप्तीत हित कंपनीचे, न्यायाधीशाचा पगारही कंपनीचा. सेंट जॉन मात्र स्वतंत्र बाण्याचे निघाले. गव्हर्नर जॉन चाइल्डशी त्यांचे बिनसले, त्यांचे अधिकार छाटले गेले आणि शेवटी नोकरीच गेली. 1690 च्या सुमारास, जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाच्या मुंबईवरच्या स्वारीनंतर, ते कोर्टही बंद पडले. मुंबईला पुन्हा नियमित कोर्ट मिळाले ते 1718 मध्ये.

दर्याचा कायदा मात्र टिकला. मुंबईच्या जुन्या सुप्रीम कोर्टाकडून तो 1862 मध्ये हायकोर्टाकडे आला. तरी स्वातंत्र्यानंतरही आम्ही 1861 चा इंग्रजी कायदा चाळत होतो. ती कोंडी फुटली गोव्यातून निघालेल्या एका जहाजामुळे. 1984 मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे चढवलेल्या मालाची पावती, न देताच मुरगावहून माल घेऊन गेले आणि पुढे विशाखापट्टणमला अडवले गेले. आंध्रच्या हायकोर्टाला असे जहाज अडवण्याचा अधिकार आहे का, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या हायकोर्टांचा अधिकार जुन्या इंग्रजी कायद्याच्या चौकटीत अडकलेला नाही.

1 एप्रिल 2018 पासून आपला स्वतःचा 2017 चा कायदा लागू आहे. जहाजावरच्या देण्यांच्या बोज्यांत त्याने पहिला मान कप्तान आणि खलाशांच्या पगाराला दिला आहे.

समुद्राला वेगळी रीत लागतेच, कारण प्रतिवादी नांगर उचलून पळू शकतो. पण त्या रीतीसाठी वेगळा, कोणाच्या तरी ताटाखालचा न्यायाधीश लागत नाही. सेंट जॉनची नोकरी कंपनीच्या हातात होती, म्हणून त्या कोर्टाचा स्वतंत्र बाणा बुडाला. तीच रीत हायकोर्टात आली आणि तगली.