मूल कसे शिकते? : ‘मुकद्दिमा’पासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत



परीक्षेचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : “याचे डोकेच चालत नाही.” हे बोलून आपण मोकळे होतो, पण ज्याच्या कानी ते पडते ते लेकरू त्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे वावरते. मूल शिकते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नावर विचारवंतांनी शतकानुशतके चिंतन केले आहे. तो इतिहास थोडक्यात आपणापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ परिचयाच्या नावाने करू. ट्युनिस येथे १३३२ साली जन्मलेले थोर इतिहासकार इब्न खल्दून यांनी १३७७ साली लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात शिक्षणाचा सविस्तर विचार केला आहे. विषय प्रथम ढोबळमानाने सांगावा, दुसऱ्या वेळी तपशिलाने सांगावा आणि तिसऱ्या वेळी त्यातील अवघड जागा उलगडाव्यात, असा त्यांचा क्रम होता. सारे एकदम ओतले तर विद्यार्थी थकतो व विषयाकडे पाठ फिरवतो. धाकदपटशाविषयी तर त्यांचे मत अगदी स्पष्ट आहे. त्याने मुलाचा उत्साह मावळतो, ते आळशी बनते आणि शिक्षा चुकवण्यासाठी खोटे बोलू लागते. म्हणजे छडीने मूल शिकते हे खरे. पण जे शिकते ते आपल्याला नको असलेले असते!

विसाव्या शतकात या प्रश्नाला प्रयोगाची जोड मिळाली. रशियात पाव्हलॉव्ह आणि अमेरिकेत थॉर्नडाइक व स्किनर यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. ज्या कृतीचे फळ गोड लागते ती पुन्हा पुन्हा केली जाते, असे थॉर्नडाइक व स्किनर यांच्या प्रयोगांतून दिसून आले. पाढे, शुद्धलेखन, पाठांतर यांना सराव आणि शाबासकी लागतेच, हे आपण अनुभवाने जाणतो. परंतु पाठ झाले म्हणजे समजले, असे मात्र नव्हे.

ही उणीव स्वित्झर्लंडचे झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी दाखवली. त्यांचा एक प्रयोग आपण घरीच करून पाहा. दोन सारख्या पेल्यांत सारखे सरबत घ्या आणि चार-पाच वर्षांच्या मुलासमोर त्यातील एक पेला उंच, निमुळत्या ग्लासात ओता. बहुधा ते सांगेल की उंच ग्लासात सरबत जास्त आहे. हे मूल ढ नाही. त्याची समज अजून त्या पायरीवर आलेली नाही, इतकेच. साधारण सात वर्षांच्या सुमारास तेच मूल आपल्या चुकीला हसेल. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. ते स्वतः हाताळून, चुकून, पुन्हा करून आपली समज घडवते.

पियाजे ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी जन्मलेले रशियाचे लेव्ह व्हिगॉट्स्की अवघ्या ३७ व्या वर्षी, १९३४ साली, वारले. त्यांनी भर दिला तो सोबतीवर आणि भाषेवर. मूल आज जे कोणाच्या मदतीने करते ते उद्या एकटे करू शकते. चिंचोके मांडून बेरीज करणाऱ्या नातवाला आजी “पुढचा मोज बरे” म्हणते, तेव्हा ती हेच करत असते.

हे सारे परदेशातले झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आता आपल्या कोकणात येऊ.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. मुलाला हातांनी काम करू द्या आणि त्याच्या गतीने वाढू द्या, हे त्यांचे सूत्र. त्यातून प्रेरणा घेऊन गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. माँटेसरीची साधने महागडी. ती शहरातल्या सुस्थितीतील मुलांनाच मिळत. मग खेड्यातल्या मुलांचे काय?

१९४५ साली त्यांनी बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सोबतीला आल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी! महाग साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांनी घेतली. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यात, आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलीला शाळेत येता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले.

वाचकहो, या इतिहासात आपल्यासाठी काय आहे? कोसबाडला “ही मुले शिकणारी नव्हेत” असे म्हणणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताईंनी प्रश्न उलटा विचारला : ही मुले शिकतील अशी शाळा आपण का काढू नये? पनवेलमध्ये आपल्या कित्येक मुलांची घरची बोली एक आणि शाळेचे माध्यम दुसरे असते. ते मूल वर्गात गप्प बसले तर दोष डोक्याचा नसून अनोळखी शब्दांचा असू शकतो. त्याच्याशी घरच्या भाषेत धड्याबद्दल बोला. तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबण्याची घाई करू नका. आधी धान्य निवडू द्या, माती मळू द्या. भाऊ शाळेत आणि बहीण पाळण्यापाशी, असे आपल्या घरात होत असेल तर कुरणशाळा आठवा. शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. घरातील मनाई आपण स्वतः करायची आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या धाकट्या भावंडांचे पहिले शिक्षक आपणच आहात. त्यांना उत्तर सांगू नका. पुढच्या पायरीपर्यंत बोट धरा.

पुढच्या निकालाच्या दिवशी “डोके चालत नाही” हे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबू या आणि मुलाला जवळ घेऊन विचारू या : “बाळ, तुला कुठे अडते?”