रात्री दोननंतरचं वॅरॉक

मे २००७. सांगली, विश्रामबाग, रात्रीचे पावणेदोन. घरचे सगळे गच्चीवर झोपलेत आणि तू ‘मला डास चावतात’ म्हणून खाली हॉलमध्ये राहिली आहेस. खिसे चाचपू नकोस, मोबाइल तुला अजून मिळालेला नाही. घरात फोन आहे तो भिंतीपाशी, तारेचा. त्याच्याच तारेला फाटा फोडून एक टोक मॉडेममध्ये गेलंय. बीएसएनएलचा पाचशे रुपयांचा प्लॅन आहे. दिवसा एकेक एमबी मोजला जातो, रात्री दोन ते सकाळी आठ मात्र मोजदाद नाही. दहावीच्या उंबरठ्यावरची मुलगी मे महिन्यात आडवेळी जागी का, याचं उत्तर एवढंच.

दोन वाजले तरी लगेच जोडू नकोस. दादाचा नियम आहे : दोन पाचला चालू, सात पंचावन्नला बंद. आपलं घड्याळ पुढे असेल, एक्स्चेंजचं मागे. उगाच बिलावर एक ओळ वाढायची आणि बाबा ती ओळ बरोबर शोधून काढतात. मार्केट यार्डात अडतीच्या दुकानात त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिलेत.

मॉनिटरचं बटण दाबताना त्यावर उशी धर. ‘ठप्प’ असा आवाज येतो आणि मग काचेवर हाताची लव उभी राहते. स्पीकरची पिन काढून ठेवली आहेस ना? ब्राउझर उघड. पानावर वर जाहिरातीची पट्टी येईल, खाली काळा चौकोन, त्यात लाल पट्टी इंचाइंचाने भरत जाईल. मग दोन्ही बाजूंना मशाली पेटतात, मधे नाव आणि पासवर्ड. आत गेलं की आधी एक पाटी : तुम्ही शेवटचे काल आला होतात. दादा ही पाटी रोज वाचतो. त्याच्या नावाने कोणी शिरलं होतं का, ते त्याला तिथेच कळतं. म्हणून तर तुझं वेगळं नाव काढून दिलंय.

रूनस्केप. ४ जानेवारी २००१ ला हा खेळ सुरू झाला. अँड्र्यू गावर नावाच्या मुलाने तो भाऊ पॉलला जोडीला घेऊन नॉटिंगहॅमला आईवडिलांच्या घरात रचला. आता जॅजेक्स म्हणून त्यांची केंब्रिजला कंपनी आहे. तुला यातलं काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असायचं कारणही नाही. तुला ठाऊक आहे ते एवढंच, की बाकीच्या खेळांना सीडी लागते, ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि याला फक्त जावा लागतं. सांगलीपर्यंत हा खेळ पोचला तो त्यामुळे. चित्रं ओबडधोबड, माणसांच्या हातांना बोटं नाहीत, झाडं कागद दुमडून केल्यासारखी. पण त्या प्रत्येक ओबडधोबड बाहुल्यामागे या क्षणी कुठेतरी कोणीतरी बसलंय.

आणि आज किती गर्दी आहे बघ! आपल्याकडे दोन वाजतात तेव्हा न्यूयॉर्कात दुपारचे साडेचार झालेले असतात. तिकडची शाळा सुटून पोरं दप्तर टाकून बसलेली असतात. केंब्रिजला रात्रीचे साडेनऊ, म्हणजे इंग्लंडची पोरंही अजून झोपलेली नसतात. प्लॅन ठरवणाऱ्या कुणा अधिकाऱ्याने एक्स्चेंज रिकामं असतं म्हणून ही वेळ निवडली असणार. त्याला कल्पनाही नसेल, की नेमक्या त्याच वेळी त्याने तुला अर्ध्या जगाच्या संध्याकाळी नेऊन सोडलंय.

तलवारबाजीत तुला रस नाही. तुझा धंदा लॉबस्टरचा. पोर्ट सॅरिमच्या धक्क्यावर तीस नाणी टाकून बोटीने कॅरॅमजा बेटावर जायचं, मासेमारीची चाळिसावी लेव्हल गाठलेली असली तर पिंजरा टाकायचा आणि बसून राहायचं. पिशवीत अठ्ठावीस खण. एकात पिंजरा, एकात परतीची नाणी, उरले सव्वीस. सव्वीस लॉबस्टर झाले की बोटीने परत, पोर्ट सॅरिमहून चालत ड्रेनॉरच्या बँकेत, ते ठेवायचे, पुन्हा बोट. परतीचं भाडं विसरलीसच तर बेटावर लुथास नावाचा केळ्यांच्या बागेचा मालक आहे. त्याची पेटी दहा केळ्यांनी भरून दिलीस की तीस नाणी देतो. आजीला हे एकदा सांगितलंस तर ती म्हणाली, “मजुरी बरी हाय की. पण केळी खाऊ देतो का न्हाई?” देतो. हवी तेवढी तोडून खा.

काठावर शेजारी एक मुलगा उभा आहे, ओहायोचा की आयोवाचा, तुझा नेहमी गोंधळ होतो. तो विचारतो, तुझ्याकडे किती वाजले? तू लिहितेस, पहाटेचे तीन. त्याला खोटं वाटतं. मग विचारतो, एवढ्या रात्री का? तू लिहितेस, आता नेट फुकट असतं. बराच वेळ काही येत नाही. मग येतं : नेटचे पैसे पडतात? तू समजावायला जातेस, एमबी म्हणजे काय, मर्यादा म्हणजे काय. तुझं इंग्रजी तर्खडकरांच्या वळणाचं, पूर्ण वाक्यांचं, शेवटी पूर्णविराम. त्याचं सगळं तीन-तीन अक्षरांत. चारनंतर तो ‘डिनर, बीआरबी’ लिहून निघून जातो. त्याचा बाहुला तिथेच पिंजरा घेऊन उभा राहतो आणि बराच वेळ हाललेला नाही हे खेळाच्या ध्यानात आल्यावर एकदम नाहीसा होतो.

आता माल घेऊन वॅरॉकला चल. मला विचारशील तर सगळ्या रूनस्केपमध्ये बघण्यासारखी जागा ही एकच. ड्रॅगन, किल्ले, जादूगार कुठल्याही खेळात मिळतात. वॅरॉकच्या पश्चिम बँकेबाहेरचा तो दगडी चौक दुसरीकडे कुठे मिळाला नाही. इथे दुकान नाही, भावफलक नाही. शंभरएक माणसं एकमेकांच्या अंगावर उभी आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळी अक्षरं : लॉब्स विकतोय, २०० ला एक. कोळसा घेतोय. फुल रून विकतोय. ज्यांना आपली ओळ उठून दिसायला हवी ते आधी ‘वेव्ह’ लिहून विसर्गचिन्ह टाकतात, मग अक्षरं लाटेसारखी डुलतात. ‘फ्लॅश’ लिहिलं की लुकलुकतात. बाबांबरोबर तू हळदीच्या सौद्याला गेली आहेस, तो गलका हुबेहूब हाच, फक्त मुका.

भाव काय, हे कोणालाच नक्की माहीत नाही आणि म्हणूनच सगळी मजा. आज एकशे ऐंशी, उद्या दोनशे वीस. चौकाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक भाव, पश्चिमेच्या कोपऱ्यात दुसरा. पाच पावलं चालून माल पलटवणारे आहेत, त्यांच्यावर सगळे चिडतात आणि सगळ्यांना तेच व्हायचं असतं. गिऱ्हाईक भिडलं की सौद्याची खिडकी उघडते. डावीकडे तुझा माल, उजवीकडे त्याची नाणी. मान्य म्हटलं की दुसरी खिडकी येते, पुन्हा तीच यादी, खात्री आहे का म्हणून. ही दुसरी खिडकी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्या खिडकीत ऐन वेळी एक शून्य काढून घेणारे कलाकार इथे पैशाला पासरी आहेत. चिलखताला फुकटात सोन्याची किनार लावून देतो म्हणणारेही. नाणी दुप्पट करून देणारेही. आणि तो सर्वांत नामी : इथे आपला पासवर्ड टाइप केला तर आपोआप तारका दिसतात, बघ माझा, तुझा करून बघ. बाबांना रूनस्केप म्हणजे काय ते आजही माहीत नाही, पण जेवताना ते म्हणाले होते, घाई करणाऱ्याशी सौदा करायचा नाही. तुला तेवढं पुरतं.

पोरांच्या खेळात ही एवढी फसवाफसवी कशाला, असं शाळेतल्या बाईंनी विचारलं असतं. मला उलट वाटतं. चौदाव्या वर्षी अनोळखी माणसाच्या तोंडावर नाही म्हणायला शिकवणारी दुसरी जागा तुझ्या आजूबाजूला नव्हती.

एजव्हिलच्या उत्तरेला वाइल्डरनेसचा खंदक आहे. त्यापलीकडे खेळाडू एकमेकांना मारू शकतात. लढवय्यांना लढताना खायला लागतं, त्यामुळे तिथे लॉबस्टरला चौकापेक्षा चढा भाव. म्हणून तू हल्ली खंदकाच्या काठावर दुकान मांडलंयस. आज एकजण सगळा माल घेतो म्हणतोय, फक्त दोन पावलं आत ये. तू उडी मारतेस. आणि पंखा थांबतो.

वीज गेली. दिवसाचं वेळापत्रक पेपरात छापून येतं, रात्रीचं कोणी छापत नाही. अंधारात तू बसून आहेस आणि तुझा बाहुला तिथे काही क्षण तसाच उभा आहे, हे तुला माहीत आहे. वीज येते तेव्हा तू लंब्रिजच्या किल्ल्यासमोर असतेस. मेल्यावर सर्वांत महागाच्या तीन वस्तू तेवढ्या आपल्याकडे राहतात. तुझ्याकडे तीन लॉबस्टर. तो गिऱ्हाईक होता की मारेकरी, हे कधीच कळणार नाही. जिन्यावर आजीची चाहूल येते. “झोपली न्हाईस व्हय गं?” सांग, अभ्यास करते म्हणून. ती पडद्यावरची मशाल बघेल आणि विचारेल, “ह्यो इतिहास का?”

आता पुढे सरकू. ऑगस्टात दादा इंजिनीअरिंगला पुण्याला गेलाय. रविवारी सकाळी तो हॉस्टेलजवळच्या कॅफेत तासाने पैसे भरून बसतो, तू दिवसाचे मोजके एमबी खर्चून येतेस आणि दोघं कॅरॅमजाच्या काठावर उभे राहता. फोनवर त्याच्याशी काय बोलायचं ते तुला सुचत नाही. जेवलास का, हो, अभ्यास, चालूय, घे आईशी बोल. फोनवर गप्प बसलं की कानाला जड होतं. इथे गप्प बसलं तरी पिंजरा चाललेला असतो. दहा मिनिटांनी तो लिहितो, मेसमधली आमटी आईला दाखवायला पाहिजे. तू लिहितेस, लेव्हल किती झाली? पुन्हा पाच मिनिटं काही नाही. एकदा मध्येच लिहितो, मला इथे करमत नाही गं. हे त्याने आईला सांगितलेलं नाही. तुझी अटॅक लेव्हल चाळीस झाली की मी तुला रून सिमिटर नावाची तलवार देणार, असं त्याने कबूल केलंय.

२६ नोव्हेंबरला वॅरॉकच्या वायव्येला नवी इमारत उघडते, ग्रँड एक्स्चेंज. माल टाका, भाव टाका, निघून जा. समोर कोण आहे ते दिसत नाही, दिसायची गरजही नाही. दोन आठवड्यांनी, १० डिसेंबरला, वाइल्डरनेसमधली माणसामाणसांतली लढाई बंद. २ जानेवारी २००८ ला तिसरा घाव, एकतर्फी देणंघेणं बंद. दोन्ही बाजूंच्या मालात बहुतेकांना तीनेक हजार नाण्यांपेक्षा जास्त फरक चालणार नाही. कारण खरं होतं. खेळातली नाणी खऱ्या पैशाला विकणाऱ्या टोळ्या चोरीच्या क्रेडिट कार्डांवर खाती काढत होत्या आणि भुर्दंड कंपनीला पडत होता. आज मागे वळून बघता त्यांना दुसरा इलाज नव्हता, असंच मी म्हणेन. पण त्या जानेवारीतल्या रविवारी हे तुला कोणी सांगायला जाऊ नये. तुझी अटॅक चाळीस झाली आहे. दादा समोर उभा आहे. तो सिमिटर खिडकीत ठेवतो आणि खेळ म्हणतो, सौदा समतोल नाही. तो काढून पुन्हा ठेवतो. पुन्हा तेच. टोळीवाल्यांसाठी केलेल्या कायद्यात भावाने बहिणीला दिलेली भेट अडकलेली आहे. दादा कॅफेत बसून अशी काही शिवी टाइप करतो, की खेळ ती तारकांनी झाकतो. शेवटी तू लॉबस्टर विकून एक्स्चेंजमधून सिमिटर घेतेस. कोणाचं घेतलंस, कोणास ठाऊक.

पश्चिम बँकेबाहेरचा चौक महिन्याभरात ओस पडतो. त्यानंतर बारावी, कॉलेज, नोकरी. १ फेब्रुवारी २०११ ला दोन्ही बंद्या उठतात, तुला ते कित्येक महिन्यांनी कळतं.

मग फेब्रुवारी २०१३. कंपनीला ऑगस्ट २००७ मधली एक जपून ठेवलेली प्रत सापडलेली असते. ती पुन्हा चालू करायची का, म्हणून मतदान घेतात आणि साडेचार लाखांच्या आसपास लोक मत देतात. २२ तारखेला ओल्ड स्कूल रूनस्केप उघडतं. वॅरॉक तसंच, लुथास तसाच, केळी तशीच. पण खाती मात्र सगळ्यांची कोरी. गाव परत आलं, गावकऱ्यांना शून्यापासून सुरुवात. आता तुझं स्वतःचं क्रेडिट कार्ड आहे, तेव्हा टॅव्हर्लीच्या फाटकातूनही जाऊन ये. फॅलाडोरच्या पलीकडचं ते फाटक फुकट्यांना बंद असायचं आणि तू गजांतून आतली झाडं बघत राहायचीस. आत तशीच झाडं आहेत.

सुरुवातीला ग्रँड एक्स्चेंज नसतं, कारण ऑगस्ट २००७ मध्ये ते नव्हतंच. चौक पुन्हा भरतो. डुलणारी अक्षरं पुन्हा डुलतात. लोक दोनेक वर्षं हौसेने ओरडतात. आणि मग हेच लोक, जुने दिवस परत द्या म्हणून मतं दिलेले, कौल देतात, की एक्स्चेंज हवं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते येतं.

तूही ‘हो’ म्हटलंस. दिवसभर ऑफिस, लोकल, घरी आल्यावर हाती उरतो अर्धा तास. सव्वीस लॉबस्टर विकायला तासभर कोण ओरडणार? दादा आता बंगळुरूला असतो. रात्री त्याचा मेसेज येतो, “लॉब्स कितीला गेले?”

“दाखवत होता त्या भावाला.”

“घासाघीस नाही केलीस?”

“कुणाशी करू?”