हात जाणतो का? : आनंदवनाची साक्ष

डोळे मिटा आणि एक हात डोक्यावर न्या. हात कुठवर पोचला, कोपर किती वाकलं, हे न बघता कळतं. ते कोणत्या इंद्रियानं? न्यायदर्शनानं पाच ज्ञानेंद्रियं सांगितली : घ्राण, रसना, चक्षू, त्वचा आणि श्रोत्र. सांख्यांनी हाताला कर्मेंद्रियांत बसवलं. म्हणजे हात करतो, जाणत नाही. ही वाटणी आज आम्ही तपासणार आहोत, तीही आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या साक्षीनं.

युरोपातही हिशेब पाचाचाच होता. १८२६ मध्ये चार्ल्स बेलनं मांडलं, की मेंदूकडून स्नायूला आज्ञा जाते, तशी स्नायूकडून मेंदूला खबरही येते. १९०६ मध्ये शेरिंग्टननं या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’च्या नावाखाली आणलं. आपण तिला स्नायूंची जाण म्हणू. स्नायूत चरख्याच्या चातीसारख्या सूक्ष्म रचना असतात. स्नायू ताणला की त्याही ताणल्या जातात आणि मज्जातंतूंवाटे खबर धाडतात. स्नायूवरचा भार कळतो तो स्नायुबंधांतल्या वेगळ्या रचनांमुळे.

आता वरोरा. १९५१ च्या सुमारास बाबा आमटे आणि साधनाताईंनी मोजक्या कुष्ठरुग्णांसोबत आनंदवन उभारायला घेतलं. जमीन खडकाळ. या लोकांनी विहीर खणली, शेती पिकवली, पुढे हातमाग चालवले. बधिर हातांनी हे कसं साधलं? जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीनं पहार तोलता येत नाही.

कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. तो त्वचा आणि वरवरचे मज्जातंतू धरतो. चटका, टोचणी कळेनाशी होते. दंडाचे, कोपराखालचे खोलवरचे स्नायू मात्र पुष्कळदा वाचतात. म्हणून दांड्याचा स्पर्श न कळणाऱ्या हातालाही आपण किती वाकलो, किती वजन पेललं, हे कळू शकतं.

पण स्नायूंची जाण फोडाची, भाजल्याची खबर देत नाही. बोटं सडून झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात, हे वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवलं. म्हणूनच रुग्णानं हातपाय रोज डोळ्यांनी तपासायचे असतात.

लोकांनी ज्या हाताला ‘मेलेला’ म्हणून वाळीत टाकलं, तो आपलं ठिकाण जाणून होता. आमच्या मते चूक फक्त रोगाच्या भीतीची नव्हती. काम करणाऱ्या हाताला ज्ञान नसतं, ही आपली जुनी समजूतही तिच्यात सामील होती.