बडोद्याच्या कारकुनाची शिल्लक

बडोद्याच्या मराठी वस्तीचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप राजवाड्याकडे वळते. दिवाण येतात, सरदार येतात, ग्रंथमाला आणि गायनशाळा येतात. परंतु दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात दोन खोल्यांत राहून तीन-चार लहान मुले वाढविणाऱ्या कारकुनाच्या घरी महिनाअखेर काय उरत असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस तो विचारावासा वाटतो, कारण हिंदुस्थानातील सहकाराचा एक आरंभ त्याच प्रश्नातून झाला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून व देशावरून नोकरीसाठी बडोद्यास आलेल्या या कुटुंबांची मिळकत ठरलेली होती. खर्च मात्र ठरलेला नव्हता. गावी घरचे धान्य, विहीर आणि बाळंतिणीचे करावयास वडीलधाऱ्या बायका असत. येथे सारे विकत. त्यात पगार राज्याच्या बाबाशाही नाण्यात मिळे. गावाकडे आईवडिलांना मनिऑर्डर करावयाची तर कलदार रुपया हवा, आणि नाणे बदलताना बट्टा जाई.

मग काटकसर कोठे व्हावयाची? जुने लुगडे धुऊन-धुऊन मऊ झाले की त्याची दुपटी होत, उरलेल्या तुकड्यांची गोधडी. विरलेल्या धोतराचे लंगोट. थोरल्याची बंडी आणि पाटी धाकट्याकडे येई. फडताळातल्या डाळीच्या डब्यात चार आणे दडविलेले असत, ते घरधन्यालाही ठाऊक नसत. या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण त्या कौतुकात एक गफलत आहे. लहान मुलांच्या घरात डब्यातली शिल्लक टिकत नाही. एका मुलाचा ताप, एक बाळंतपण, एक मुंज, की डबा रिकामा. मग पाटल्या शराफाकडे. गहाण पडलेला दागिना व्याजाखाली दबून परत न येणे हे त्या काळी नवल नव्हते. म्हणजे उणीव काटकसरीची नव्हती. थोडे-थोडे साठविण्यास सुरक्षित जागा आणि अडीअडचणीला वाजवी व्याजाने रक्कम, या दोहोंची होती.

१८८९ साली विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यातील मध्यमवर्गीय मराठी गृहस्थांनी 'अन्योन्य सहायकारी मंडळी' स्थापन केली, ती या पार्श्वभूमीवर. हिंदुस्थानातील नागरी सहकारी पतसंस्थांत तिला आद्य मानले जाते. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला १९०४ साली; म्हणजे पंधरा वर्षे ही मंडळी त्या कायद्याच्या आधाराविना चालली. मग तिला आधार कशाचा होता? आमच्या समजुतीप्रमाणे एकमेकांच्या ओळखीचा. कर्ज मागणारा कोणत्या कचेरीत आहे, त्याला मुले किती, मागच्या वर्षी घरात दुखणे कोणाचे होते, हे देणाऱ्यास ठाऊक असे. पोस्टाची बचत बँक १८८२ सालीच सुरू झाली होती. ती पैसे सांभाळी, पण मुलाच्या मुंजीला कर्ज देत नसे. सभासद म्हणून नाव गृहस्थाचे लागले असेल. घरखर्चातून रक्कम बाजूस काढणारा हात मात्र बहुधा गृहिणीचाच असणार. इतिहासात तिची नोंद नाही. स्त्रियांची भिशी हीच रीत कागदाशिवाय चालवीत आली आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

या घरांच्या जमाखर्चात आणखी एक बाब सयाजीराव महाराजांमुळे हलकी झाली. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू झाला आणि १९०६ साली तो राज्यभर लागू झाला. आपण याची गणना शिक्षणसुधारणेत करतो, ती योग्यच. परंतु ज्या घरात दोन मुलगे आणि दोन मुली होत्या, तेथे मुलींनाही फी न देता शिकविता येणे ही शिलकीचीही गोष्ट होती. १९०८ साली बँक ऑफ बडोदा निघाली. पुढे १९१३ साली मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली, त्या पडझडीच्या काळातही बडोद्याची बँक टिकली.

अन्योन्य मंडळीची पुढे बँक झाली. शहर वाढले, तसे ठेवीदार आणि कर्जदार एकमेकांना अनोळखी होत गेले. पूर्वीच्या ओळखीची जागा हिशेबतपासनीस आणि नियम यांनी घ्यावयाची होती. ती पुरतेपणी घेतली गेली नाही, असे दिसते. २००७ साली रिझर्व्ह बँकेने तिच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि शंभरहून अधिक वर्षांची ही संस्था अखेर मिटली. त्या वेळी ठेवींना विम्याचे संरक्षण १९९३ पासून ठरलेल्या एक लाख रुपयांपर्यंतच होते. त्याहून अधिक ज्यांचे होते, त्यांना उरलेल्या रकमेसाठी अवसायनाची वाट पाहणे भाग होते. ही मर्यादा पाच लाखांवर गेली ती २०२० साली.