पोकलेनची नळी आणि पास्कलचा नियम

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी मांजरा नदीतला गाळ यंत्रांनी उपसण्यात आला. अशा यंत्राला लातूर-नांदेडकडे सर्रास ‘पोकलेन’ म्हणतात. हे मूळ एका फ्रेंच कंपनीचे नाव. तिने १९५१ मध्ये आपला हायड्रॉलिक उत्खनक बनवला. या यंत्राचा अजस्र हात हलतो तो नळ्यांतल्या तेलाच्या दाबावर.

यामागचे तत्त्व आपण वर्गात शिकवतोच. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो. पास्कलचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामाने जलदाबयंत्राचे पेटंट घेतले ते १७९५ मध्ये. पण दाब वाढला की दट्ट्याभोवतून पाणी गळे. त्याचा कारागीर हेन्री मॉडस्ले याने तेथे चामड्याची खोलगट चकती बसवली. पाण्याचा दाबच तिला घट्ट बसवू लागला आणि गळती थांबली!

आजच्या उत्खनकात तेलाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीनशे पटींवर जातो. नळीला सूक्ष्म छिद्र पडले तर बाहेर येणारी धार कातडी भेदून आत शिरते. अमेरिकेतील डॉ. रीस यांनी १९३७ मध्ये डिझेल इंजिनातील इंधनाने झालेली अशी जखम नोंदवली. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. आत मात्र तेल पसरत जाते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो.

म्हणून तपासणीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे, उरलेला दाब उतरवावा आणि तेल निवू द्यावे. मग फुगवटा, घासलेले रबर, उघडी पडलेली तार, जोडाजवळची ओल पाहावी. गळती शोधताना नळीवरून हात कधीही फिरवू नये. हातमोजाही ही धार अडवत नाही. डोळ्यांवर चष्मा लावून, हात दूर ठेवून पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. दाब असताना जोड आवळू नये.

सुया नसलेल्या दोन सिरिंजा सलाईनच्या नळीने जोडून, पाणी भरून पास्कलचा नियम दाखवता येतो. नंतर त्याच नळीला टाचणीने छिद्र पाडा, दट्ट्या दाबा आणि समोर कागद धरा. आपल्या वर्गातली काही मुले उद्या या यंत्रांवर हेल्पर म्हणून जातील. ओला झालेला तो कागद त्यांच्या लक्षात राहायला हवा.