हौशी व्यक्तिछायाचित्रण

हौशी व्यक्तिछायाचित्रण म्हणजे उपजीविकेसाठी नव्हे, तर आवड, अभ्यास किंवा कौटुंबिक स्मृती जपण्याच्या हेतूने केलेले माणसांचे छायाचित्रण होय. व्यवहारात यास ‘पोर्ट्रेट काढणे’ असे म्हणतात. प्रकाशयोजना, अंगस्थिती म्हणजेच पोज, आणि छायाचित्र टिपल्यानंतरचे संस्करण म्हणजेच रिटचिंग, ही या प्रकाराची तीन प्रमुख अंगे मानली जातात. यांपैकी पहिल्या दोन अंगांतील उणीव तिसऱ्याने पूर्णपणे भरून निघत नाही. चेहऱ्याचे साम्य टिकवणे हा व्यक्तिछायाचित्राचा मूळ हेतू असल्याने, संस्करणाची मर्यादा कोठे असावी हा या विषयातील महत्त्वाचा प्रश्न आहे. भारतात हा प्रश्न त्वचेचा वर्ण उजळ करण्याच्या प्रथेशी जोडला गेलेला आहे.

इतिहास

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेरोटाइप ही छायाचित्रण पद्धती जाहीर झाली. आरंभीच्या काळात एका चित्रासाठी बराच वेळ निश्चल बसावे लागे. त्यासाठी डोक्यामागे लोखंडी आधारही लावला जाई. जुन्या छायाचित्रांतील व्यक्ती ताठ आणि गंभीर दिसतात, त्याचे हे एक कारण होय.

मुंबईत १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सदस्यांपैकी होते. वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या नारायण दाजींची गणना आद्य भारतीय छायाचित्रकारांत केली जाते. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध समाजांच्या लोकांची छायाचित्रे १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक चित्रांत एकीकडे टिपलेल्या व्यक्तींना दुसरीकडील दृश्याची पार्श्वभूमी जोडलेली आहे. छायाचित्रातील फेरफार हा संगणकयुगाचा शोध नव्हे, हे यावरून दिसते.

राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. चित्रपटनिर्मितीकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनीही गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. विसाव्या शतकात गावोगावी फोटो स्टुडिओ निघाले. रंगवलेला पडदा, खुर्ची आणि कुंडी हा त्यांचा ठरलेला सरंजाम असे. तेथे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करून सुरकुत्या सौम्य केल्या जात. चेहऱ्यावरील गडद रेघ निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तेथे शिसाचा हलका थर दिला की छापील प्रतीत ती रेघ उजळते. कृष्णधवल प्रती हाताने रंगवण्याचीही पद्धत होती.

अलीकडील काळात महाराष्ट्रातील दोन छायाचित्रकारांचे काम अभ्यासकांना उपयुक्त ठरते. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांनी चित्रपट, संगीत व नाट्यक्षेत्रातील कलावंतांची व्यक्तिचित्रे टिपली. मृदू प्रकाश हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य होते. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईतील सफाई कामगारांचे जीवन छायाचित्रबद्ध केले. त्यांना २०१६ साली पद्मश्री देण्यात आली. पहिल्या प्रकारात प्रकाश व सौष्ठव यांना प्राधान्य आहे, तर दुसऱ्यात माणूस त्याच्या कामाच्या ठिकाणी, आहे तसा दिसतो. हौशी छायाचित्रकारापुढे हे दोन्ही मार्ग खुले असतात.

प्रकाशयोजना

व्यक्तिछायाचित्रात प्रकाशाची दिशा, त्याचा मृदू किंवा कठोर गुण, आणि उजळ व छायांकित भागांतील प्रमाण या तीन गोष्टी पाहिल्या जातात. प्रकाशाचा स्रोत व्यक्तीच्या तुलनेत जितका मोठा व जवळ, तितका प्रकाश मृदू व सावल्यांच्या कडा पुसट होतात. सूर्य आकाराने प्रचंड असला तरी फार दूर असल्याने पृथ्वीवरून लहान ठिपक्यासारखा दिसतो. म्हणून निरभ्र आकाशातील ऊन कठोर असते. ढगाळ आकाश मात्र संपूर्ण प्रकाशस्रोत बनते आणि सावल्या विरतात.

मुख्य प्रकाश चेहऱ्याच्या एका बाजूने व डोळ्यांच्या पातळीपासून सुमारे ४५ अंश वरून यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. अशा प्रकाशात नाकाची सावली गालाच्या दिशेने तिरकी पडते आणि चेहऱ्याला उठाव येतो. छायेतील गालावर प्रकाशाचा लहान त्रिकोण उरेल अशा रचनेस डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या नावाने ओळखले जाते. डोळ्यांत प्रकाशाचा बारीक ठिपका दिसणे आवश्यक मानतात. तो नसल्यास नजर निस्तेज भासते.

खिडकीचा प्रकाश

घरगुती छायाचित्रणासाठी खिडकी हे सर्वांत सोयीचे साधन आहे. व्यक्तीस खिडकीपासून सुमारे एक मीटर अंतरावर, तोंड खिडकीकडे किंचित वळवून बसवावे. थेट ऊन येत असल्यास पांढरे पातळ कापड किंवा जुने धोतर आडवे लावावे. विरुद्ध बाजूस पांढरी चादर अथवा थर्माकोलचा पत्रा धरल्यास सावलीचा भाग हवा तितका उजळतो. खोलीतील बल्ब व ट्यूबलाइट बंद ठेवणे योग्य ठरते, कारण दोन निराळ्या रंगछटांचे प्रकाश एकाच चेहऱ्यावर मिसळले की त्वचेचा रंग बिघडतो आणि तो नंतर सुधारणे कठीण जाते. लहान दिव्याचा वापर केल्यास अंतराचे भान ठेवावे लागते: दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेल्यास चेहऱ्यावरील प्रकाश निम्मा नव्हे, तर एक चतुर्थांश होतो.

स्थान व ऋतूंचा परिणाम

नैसर्गिक प्रकाशाची दिशा अक्षांश व ऋतू यांवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, गोंदिया शहर सुमारे २१.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर असतो. अशा उन्हात भुवया, नाक व हनुवटी यांच्या सावल्या सरळ खाली पडतात आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. उन्हाळी लग्नांतील दुपारची छायाचित्रे फसण्याचे हे प्रमुख कारण आहे. याउलट डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. म्हणजे स्टुडिओत मुख्य दिव्यासाठी जो कोन निवडतात, तोच कोन निसर्गतः मिळतो. तरीही ते ऊन कठोर असल्याने सूर्याकडे तोंड करून डोळे मिटवायला लावण्यापेक्षा व्यक्तीस तिरके उभे करणे इष्ट.

ग्रामीण घराची छपरी किंवा ओसरी ही उन्हाळ्यातील उत्तम जागा होय. वरचे ऊन छपराने अडते आणि अंगणातून परावर्तित झालेला मृदू प्रकाश समोरून चेहऱ्यावर येतो. व्यक्तीने छपरीच्या कडेजवळ, सावलीत, बाहेर तोंड करून बसावे. दाट झाडाखाली मात्र दोन अडचणी येतात: पानांतून गळणाऱ्या उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडतात, आणि पानांच्या सान्निध्याने त्वचेवर हिरवट छटा येते. गर्द हिरव्या धानाच्या बांधीत जवळून टिपलेल्या चित्रांतही अशी छटा दिसू शकते; श्वेतसंतुलन बदलून ती काही अंशी कमी करता येते.

प्रकाशमापन

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो; ही छटा सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारी मानली जाते. पांढरी भिंत, पांढरे धोतर व गांधी टोपी अशा दृश्यात मापक संपूर्ण चित्र काळवंडवतो आणि सावळा चेहरा ओळखू येऊ नये इतका गडद होतो. हा दोष वर्णाचा नसून मापनाचा आहे. फोनच्या पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून मापन चेहऱ्यावर घ्यावे आणि गरजेनुसार प्रकाशमात्रा वाढवावी. पार्श्वभूमी मध्यम किंवा गडद निवडल्यास ही अडचण मुळातच टळते.

अंगस्थिती

कॅमेऱ्यासमोर बहुतेक माणसे अवघडतात. ‘हसा’ अशी आज्ञा दिल्याने ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. त्यामुळे शेती, मुले, नातवंडे अशा ओळखीच्या विषयावर बोलणे चालू ठेवून मधल्या क्षणी चित्र टिपणे अधिक फलदायी ठरते. काही वयस्क व्यक्तींना गंभीर मुद्राच शोभनीय वाटते. त्यांच्या इच्छेचा मान राखणे हा व्यक्तिचित्रणाचाच भाग आहे.

अंगस्थितीविषयी पुढील संकेत सर्वमान्य आहेत:

• खांदे कॅमेऱ्यास समांतर न ठेवता थोडे तिरके असावेत. उभ्या व्यक्तीने भार मागच्या पायावर द्यावा.
• हनुवटी किंचित पुढे व खाली घेतल्यास गळ्याची रेषा स्पष्ट होते.
• हातांना काम द्यावे. काठी, पुस्तक, सूप किंवा चष्मा हाती असल्यास बोटे सैल राहतात.
• चित्राची चौकट मनगट, कोपर, गुडघा अशा सांध्यांवर कापली जाऊ नये.
• फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर असावा.
• चष्म्यावर प्रकाश चमकत असल्यास दिवा अधिक उंच न्यावा किंवा चेहरा जरासा वळवावा.
• टोपी, फेटा, पदर व मुंडावळ्या यांची सावली डोळ्यांवर पडत नाही हे तपासावे.
• मुलांचे चित्र घेताना छायाचित्रकाराने त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर खाली बसावे.

कॅमेऱ्याचे अंतरही चेहऱ्याच्या ठेवणीवर परिणाम करते. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. चौकट भरण्यासाठी तो फार जवळ नेल्यास नाक मोठे व कान मागे गेल्यासारखे दिसतात. हा दोष भिंगाचा नसून अंतराचा आहे. सुमारे दीड ते दोन मीटर दूर राहून दोनपट टेलिफोटो भिंग वापरल्यास, किंवा नंतर चित्र कातरल्यास, चेहऱ्याची प्रमाणे नैसर्गिक राहतात. पूर्ण आकाराच्या संवेदकाच्या कॅमेऱ्यासाठी ८५ ते १०५ मिलिमीटर केंद्रांतराची भिंगे याच कारणाने पसंत केली जातात.

संस्करण

संस्करणाचा क्रम साधारणपणे कातरणे, प्रकाशमात्रा, श्वेतसंतुलन, स्थानिक दुरुस्ती आणि शेवटी तीक्ष्णता असा असतो. रॉ स्वरूपात टिपलेल्या चित्रात रंग व छटा बदलण्यास अधिक वाव मिळतो. मात्र अतिप्रकाशाने पूर्ण पांढरा झालेला भाग कोणत्याही साधनाने परत आणता येत नाही.

काय काढावे व काय ठेवावे, याविषयी तात्पुरते व कायमचे हा भेद उपयुक्त मानला जातो. मुरूम, ओरखडा, कपड्यावरील डाग किंवा उडालेला केस या काही दिवसांत नाहीशा होणाऱ्या गोष्टी आहेत. त्या काढल्याने साम्य बिघडत नाही. तीळ, व्रण, गोंदण, सुरकुत्या व चेहऱ्याची ठेवण ही व्यक्तीची ओळख असते. सुरकुती पुसण्याऐवजी तिच्यातील सावली थोडी सौम्य केल्यास वय कायम राहते आणि प्रकाशाचा कठोरपणा तेवढा कमी होतो. त्वचेवर सरसकट धूसरता आणल्यास रंध्रे नाहीशी होऊन चेहरा मेणाचा दिसतो. फोनमधील ‘ब्यूटी’ सुविधा हेच काम आपोआप करते. अनेकदा ती आधीपासून चालू असल्याने छायाचित्र काढण्यापूर्वी तपासणे आवश्यक ठरते. गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनमध्ये ही सुविधा मुळात बंद ठेवण्याचे जाहीर केले.

ओळखपत्र व पारपत्र यांच्या छायाचित्रांत चेहऱ्यात फेरफार करणे वर्ज्य आहे. कायम लक्षात ठेवण्याची बाब म्हणजे मूळ चित्र निराळे जतन करणे व संस्करण नेहमी प्रतीवर करणे. दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र अनेक घरांत जुन्या समूहचित्रातून मोठे करून घेतले जाते. त्या वेळी कपडे बदलणे, रंग उजळणे असे बदल होतात, आणि पुढील पिढीपुढे तेच एकमेव रूप उरते. मूळ प्रत नष्ट झाल्यास खरा चेहरा कसा होता हे सांगणारा पुरावाच राहत नाही.

त्वचेचा वर्ण व संस्करण

रंगीत छायाचित्रणाची मानके दीर्घकाळ गोऱ्या त्वचेवर आधारलेली होती. प्रयोगशाळांत रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीची ‘शर्ली कार्डे’ वापरली जात. त्यांवर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. गडद त्वचेच्या छटा त्यामुळे नीट उमटत नसत, असे कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी मांडले आहे.

भारतात तांत्रिक उणिवेस सामाजिक पूर्वग्रहाची जोड मिळाली. विवाहासाठी पाठवल्या जाणाऱ्या छायाचित्रांत, विशेषतः मुलींच्या, वर्ण उजळ करून देण्याची प्रथा रूढ झाली. या प्रवृत्तीविरुद्ध चेन्नई येथील ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ मध्ये ‘डार्क इज ब्यूटिफुल’ ही मोहीम सुरू केली. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सावळ्या वर्णाच्या व्यक्ती हीन किंवा दुःखी दाखवू नयेत, असा त्यांचा आशय आहे. २०२० मध्ये ‘शादी डॉट कॉम’ने वर्णानुसार स्थळ शोधण्याची सोय काढून टाकली आणि त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ या उत्पादनाचे नाव बदलण्यात आले. फ्रान्समध्ये २०१७ पासून, जाहिरातीत मॉडेलची शरीराकृती संगणकाने बदलली असल्यास तशी सूचना देणे बंधनकारक आहे.

छायाचित्रणाच्या दृष्टीने काळवंडलेला चेहरा उजळणे आणि सावळा चेहरा गोरा करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत प्रकाशमात्रेची चूक सुधारून व्यक्तीचा मूळ वर्ण परत मिळवला जातो. दुसरीत तो बदलला जातो. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी चित्रातील डोळ्यांचा पांढरा भाग, दात व कपडे पाहावेत. ते नैसर्गिक दिसत असतील तर प्रकाशमात्रा योग्य आहे, आणि चेहरा त्याहून उजळण्याचे तांत्रिक कारण उरत नाही. सावळ्या त्वचेवर बाजूने येणारा मोठा, मृदू प्रकाश विशेष खुलतो, कारण गाल, कपाळ व नाक यांवरील तकाकी चेहऱ्याचा आकार दाखवते. त्यासाठी पावडरचा जाड थर किंवा समोरून येणारा फ्लॅश टाळावा.

संमती

छायाचित्र काढण्यापूर्वी, तसेच ते समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करण्यापूर्वी, व्यक्तीची संमती घ्यावी. मुलांच्या बाबतीत पालकांची घ्यावी. संस्करण केलेले चित्र त्या व्यक्तीस दाखवून तिची पसंती विचारणे हा चांगला रिवाज आहे. घरी येऊन चित्र काढू देणाऱ्यास छापील प्रत देणेही शिष्टाचाराचे मानले जाते.

हे सुद्धा पहा

• छायाचित्रण
• गौतम राजाध्यक्ष
• राजा दीनदयाळ
• भाऊ दाजी लाड
• सुधारक ओलवे